पेनड्राइव्ह उपसला की बोर्ड गप्प: यूएसबी होस्टचे थर नक्की काय काय करतात?

होटगीरोड
नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. टॉवेल-चादरीच्या मागांवरच्या इलेक्ट्रॉनिक जॅकार्डचे (विणीत नक्षी काढणाऱ्या यंत्राचे) जुने कंट्रोलर दुरुस्त करतो. काहींत अजून फ्लॉपी आहे आणि चांगली फ्लॉपी आता शोधूनही सापडत नाही, म्हणून स्वतःचाच बोर्ड करायला घेतलाय. एसटीएम३२एफ४०७ मायक्रोकंट्रोलर, पुढे यूएसबी सॉकेट, पेनड्राइव्हवरून डिझाइनची फाइल वाचायची आणि धागे उचलणाऱ्या हुकांना बिट पाठवायचे. तयार मिळणारी होस्ट (यूएसबीची हुकूम देणारी बाजू) लायब्ररी आणि त्यावर फाइली वाचणारं फॅटएफएस.

माझा १६ जीबीचा पेनड्राइव्ह मस्त चालतो. गिऱ्हाइकाचा ६४ जीबीचा ओळखला जातो पण माउंट होत नाही. तिसरा एक जुना आहे, तो कधी लागतो, कधी नाही. आणि वाचन चालू असताना कुणी पेनड्राइव्ह उपसला की अख्खा बोर्ड गप्प. रीसेट दिल्याशिवाय हलत नाही. लायब्ररी उघडली तर कोर, क्लास, बीओटी, एससीएसआय, एचसीडी असं फाइलींचं जंगल. कोण कुणाला बोलावतंय तेच कळेना. गड्ड्याच्या जत्रेआधी पहिला बोर्ड मागावर बसवायचाय. वरून खालपर्यंत एकदा कुणी समजावून सांगेल का?

नवीपेठ
एवढे थर कशाला बे? मी डिव्हाइसच्या बाजूचा व्हर्च्युअल कॉम पोर्ट थेट रजिस्टर लिहून केलाय. एक फाइल, वाचायला सोपी. होस्टही तसाच लिही आणि मोकळा हो.

थरावरथर
नवीपेठ, डिव्हाइस आणि होस्ट यांना एका तागडीत घालू नका. डिव्हाइसला आपण कोण ते आधीच माहीत असतं आणि विचारल्याशिवाय डेटा द्यायचाही नसतो. यूएसबीत सगळं वेळापत्रक होस्टच्या गळ्यात. कोण लागलं, कोण निघालं, कुणाला कधी विचारायचं, कुणाला किती करंट द्यायचा, हे सगळं त्यानं बघायचं. वर सॉकेटमध्ये उद्या काय घुसेल याचा भरवसा नाही. एका फाइलीत लिहाल, चालेलही, पण एकाच पेनड्राइव्हपुरतं. होटगीरोडचं नेमकं तेच दुखणं आहे.

होटगीरोड, जंगलात शिरायची सोपी वाट म्हणजे एकाच कॉलच्या मागे मागे जायचं. समजा तुम्ही एफ_रीडला एका पिकाचे (विणीतल्या एका आडव्या धाग्याचे) ३३६ बाइट मागितले.

फॅटएफएस काय करतं? फाइलचा हा भाग कुठल्या क्लस्टरमध्ये, म्हणजे कुठल्या सेक्टरमध्ये आहे ते काढतं आणि डिस्क_रीडला म्हणतं, अमुक नंबरचा १ सेक्टर आण. बस. खाली यूएसबी आहे की एसडी कार्ड, त्याला ठाऊकही नाही.

डिस्क_रीडच्या खाली एससीएसआय. हा थर ती मागणी रीड(१०) या आदेशात बसवतो: १० बाइट, त्यात सेक्टरचा पत्ता आणि संख्या. हे आदेश यूएसबीच्या आधीपासूनचे, हार्डडिस्कच्या जमान्यातले. पेनड्राइव्हनं ते जसेच्या तसे उचलले.

त्याखाली बीओटी, म्हणजे बल्क ओन्ली ट्रान्सपोर्ट. तो आदेश ३१ बाइटच्या सीबीडब्ल्यूमध्ये भरून बल्क आउट एंडपॉइंटवर (डिव्हाइसच्या डेटा घ्यायच्या दारावर) पाठवतो, मग बल्क इनवरून ५१२ बाइट घेतो, शेवटी १३ बाइटचा सीएसडब्ल्यू घेतो. सीएसडब्ल्यूमध्ये ० आला तर काम झालं, १ आला तर आदेश फसला, २ आला तर दोघांचा ताळमेळच सुटला. आदेश, डेटा, स्थिती, या क्रमाबाहेर इथे काही चालत नाही. सीबीडब्ल्यूतला टॅग सीएसडब्ल्यूत तसाच परत यायला हवा, तो जुळवून बघणंही याचंच काम.

बीओटीला पॅकेट कळत नाहीत. तो कोरला एवढंच सांगतो की या पाइपवरून (एका एंडपॉइंटशी जोडलेल्या वाटेवरून) ५१२ बाइट आण. फुल स्पीडला (१२ मेगाबिटच्या यूएसबी वेगाला) बल्कचं पॅकेट जास्तीत जास्त ६४ बाइटचं, म्हणजे ८ पॅकेटं. कोणता पत्ता, कोणता एंडपॉइंट, पुढचं पॅकेट डेटा० की डेटा१ (यालाच टॉगल म्हणतात), ही नोंद पाइपपाशी असते.

सगळ्यात खाली एचसीडी, होस्ट कंट्रोलर ड्रायव्हर. चिपची रजिस्टरं फक्त यानंच बघायची. तुमच्या चिपच्या ओटीजी एफएसमध्ये ८ होस्ट चॅनेल आहेत आणि सगळ्यांत मिळून १.२५ केबीचा फिफो (डेटा रांगेत ठेवायची जागा). एचसीडी मोकळा चॅनेल पकडतो, त्यात पत्ता-एंडपॉइंट-लांबी लिहितो, फिफो भरतो किंवा उपसतो. टोकन, सीआरसी (चूक पकडणारा तपास-आकडा), हँडशेक हार्डवेअर बघतं.

मग उत्तर त्याच वाटेनं वर. एचसीडी म्हणतो "ट्रान्सफर झाली", बीओटी म्हणतो "आदेश पार पडला", एससीएसआय म्हणतो "सेक्टर आला", फॅटएफएस तुमचे ३३६ बाइट हातात ठेवतं.

कोरचं मोठं काम या वाटेवर दिसत नाही, कारण ते आधीच होऊन गेलेलं असतं. डिव्हाइस लागल्यावर किमान १०० मिलिसेकंद थांबायचं, संपर्क स्थिर होऊ द्यायचा. मग रीसेट. आता डिव्हाइस पत्ता ० वर बसलेलं असतं. डिव्हाइस डिस्क्रिप्टरचे (डिव्हाइसच्या ओळखपत्राचे) पहिले ८ बाइटच मागायचे, कारण आठव्या बाइटमध्ये एंडपॉइंट ० चं पॅकेट किती मोठं ते असतं. ते कळल्याशिवाय पुढचं नीट मागता येत नाही. मग १ ते १२७ मधला पत्ता द्यायचा, २ मिलिसेकंद उसंत द्यायची, नव्या पत्त्यावर पूर्ण १८ बाइट वाचायचे. कॉन्फिगरेशन डिस्क्रिप्टरचे आधी ९ बाइट, त्यातून एकूण लांबी, मग सगळा गठ्ठा. त्या गठ्ठ्यात इंटरफेस आणि एंडपॉइंट असतात. इंटरफेसवर वर्ग ०८, उपवर्ग ०६, प्रोटोकॉल ५० (तिन्ही हेक्स) दिसलं की मास स्टोरेजच्या ड्रायव्हरला हाक. ०३ दिसलं तर एचआयडी (कीबोर्ड-माउससारखं), ०९ तर हब. पेनड्राइव्हच्या डिव्हाइस डिस्क्रिप्टरमध्ये वर्ग बहुतेक ०० असतो, म्हणून तिथेच बघून "अनोळखी" म्हणणारा कोड चुकतो. वर्ग इंटरफेसपाशी शोधायचा.

आता तुमचा ६४ जीबीचा. एफ_माउंट काय परत करतंय?

होटगीरोड
ताई, एवढं कुणी लिहून दिलं नव्हतं. प्रिंट घेऊन बेंचवर चिकटवतो.
माउंटला १३ येतंय.

थरावरथर
१३ म्हणजे फाइलसिस्टम सापडली नाही. हे उत्तर लाखमोलाचं आहे! फॅटएफएसला सेक्टर ० वाचायला मिळाला, तो बघून त्यानं "हे माझ्या ओळखीचं नाही" म्हटलं. म्हणजे एचसीडी, कोर, बीओटी, एससीएसआय सगळे धुतल्या तांदळासारखे. त्या पेनड्राइव्हपुरतं खाली बघायचंच नाही. ६४ जीबीचे पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅट या फाइलसिस्टमनं फॉरमॅट करून येतात. फॅटएफएसच्या कॉन्फिगरेशनमध्ये एक्सफॅटचा पर्याय असतो, सोबत लांब फाइलनावांचा पर्यायही चालू करावा लागतो. मायक्रोसॉफ्टनं एक्सफॅटचं स्पेसिफिकेशन २०१९ मध्ये खुलं केलं, तरी बोर्ड विकणार असाल तर पेटंटची बाजू एकदा विचारून घ्या. नाहीतर गिऱ्हाइकाला सांगा, फॅट३२ करून आण.

याउलट १ आला असता, म्हणजे डिस्क एरर, तर मी म्हटलं असतं खाली उतरा.

पूर्वभाग
गिऱ्हाईक फॅट३२ करून आणणार? आमच्याकडे डिझाइनवाला पोरगा पेनड्राइव्ह देतो, ऑपरेटर तो लावतो. त्याला फॅट-बिट काही सांगू नका ओ. आणि उपसायचं म्हणाल तर माग चालू असताना मोबाइलमध्ये गाणी भरायला तोच पेनड्राइव्ह काढून नेतात.

कॅपॅसिटर_अण्णा
तिसऱ्या पेनड्राइव्हचं मला बोलू द्या. सॉफ्टवेअरवाल्यांना थर एचसीडीला संपतात असं वाटतं. त्याखाली तांबं आहे.

१. सॉकेटवर व्होल्टेज मोज, बोर्डावर नाही. पॅनेलच्या आतून दरवाज्यापर्यंत बारीक वायर नेली असशील तर लावल्या क्षणी ५ व्होल्ट खाली बसतो. सॉकेटवर ४.७५ च्या खाली जाऊ देऊ नको. यूएसबी २.० नुसार होस्टच्या पोर्टपाशी व्हीबसवर (५ व्होल्टच्या तारेवर) कमीत कमी १२० मायक्रोफॅरड हवेत. बहुतेक घरगुती बोर्डांवर १० दिसतात.
२. करंट मर्यादा असलेला पॉवर स्विच टाक, ज्याची फॉल्टची पिन मायक्रोला जाते. अडकलेला पेनड्राइव्ह पॉवर काढून परत देता येतो, हे हातचं औषध सोडू नको.
३. क्रिस्टल लावलाय ना? फुल स्पीडला चूक ०.२५ टक्क्याच्या आत हवी. या चिपचं आतलं आरसी घड्याळ १ टक्क्यावालं, त्यावर ४८ मेगाहर्ट्झ काढलास तर एखादा पेनड्राइव्ह निमूट चालतो आणि दुसरा रुसतो.
४. होस्टच्या बाजूला डी प्लस, डी मायनस दोन्हींवर १५ किलोओहमचे पुल डाउन लागतात. तुझ्या चिपच्या आत ते आहेत, बाहेरून परत लावू नको. डिव्हाइस दीड किलोओहमनं डी प्लस वर खेचतं, त्यावरूनच काहीतरी लागलं हे कळतं.

होटगीरोड
अण्णा, क्रिस्टल ८ मेगाहर्ट्झचा आहे. कॅपॅसिटर १० चाच आहे. वायर साधारण पाऊण मीटर. पॉवर स्विच नाही, ५ व्होल्ट थेट दिलाय.

कॅपॅसिटर_अण्णा
मग आधी तेवढं कर. त्याआधी कोडला हात लावू नको.

थरावरथर
अण्णांना पूर्ण पाठिंबा, पण त्यानंतरही तो जुना पेनड्राइव्ह रुसला तर एससीएसआय थरात बघा. काही पेनड्राइव्हना आतलं फ्लॅशचं तक्तं उभं करायला वेळ लागतो. एन्युमरेशन (कोरनं केलेली ती सगळी ओळखपरेड) होतं, पण टेस्ट युनिट रेडी विचारलं की सीएसडब्ल्यूमध्ये १ येतो. हा बिघाड नाही. रिक्वेस्ट सेन्स पाठवून कारण विचारायचं: सेन्स की २ म्हणजे अजून तयार नाही, ६ म्हणजे "मी आत्ताच रीसेट झालो, नोंद घ्या". दोन्हींत थोडं थांबून परत विचारायचं असतं. पहिल्या नकारालाच माउंट सोडून देणारा कोड असला की "कधी लागतो, कधी नाही" असंच दिसतं.

असंच एक गेट मॅक्स एलयूएन (तुझ्यात शेवटचं युनिट कितव्या नंबरचं, ही विनंती). एकच युनिट असलेला पेनड्राइव्ह या विनंतीला स्टॉल (म्हणजे नकार) देऊ शकतो, स्पेसिफिकेशनला ते मान्य आहे. त्याचा अर्थ ० धरायचा आणि पुढे जायचं.

आणि स्टॉलबद्दल सांगते, कारण थरांमधला करार सगळ्यात जास्त इथेच मोडतो. बल्क एंडपॉइंटनं स्टॉल दिला की बीओटी क्लिअर फीचर पाठवून तो मोकळा करतो. मोकळा होताच डिव्हाइस त्या एंडपॉइंटचा टॉगल डेटा० वर आणतं. होस्टच्या पाइपमधला टॉगलही त्याच क्षणी ० व्हायला हवा. पण विनंती पाठवली बीओटीनं आणि टॉगल आहे खालच्या थराकडे! दोघांपैकी कुणीच तो पुसला नाही, तर पुढचं पॅकेट डिव्हाइस "हे मला आधीच मिळालंय" समजून पोचपावती देतं आणि फेकून देतं. होस्टला वाटतं पाठवलं, डिव्हाइसला वाटतं जुनंच आलं, आणि दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. माझ्या मते क्लिअर हॉल्ट हे कोरचंच फंक्शन असावं, जे विनंतीही पाठवेल आणि टॉगलही पुसेल. क्लास ड्रायव्हरला टॉगल दिसूच नये.

सीएसडब्ल्यूमध्ये २ आला तर मात्र पूर्ण उतारा: मास स्टोरेज रीसेट, मग बल्क इन मोकळा, मग बल्क आउट मोकळा. याच क्रमानं.

अंतिमवर्ष
मी इथलाच, इंजिनिअरिंगला आहे. लिनक्समध्येही असेच थर असतात का?

थरावरथर
हो. खाली एचसीडी, मध्ये यूएसबीकोर, वर क्लास ड्रायव्हर. मागणी ज्या पाकिटातून खाली जाते त्याला यूआरबी म्हणतात. तिथला यूएसबी-स्टोरेज ड्रायव्हर स्वतःला एससीएसआयचा अॅडॉप्टर म्हणून मिरवतो, म्हणून पेनड्राइव्ह एसडीए नावानं दिसतो. पीसीत ओएचसीआय, यूएचसीआय, ईएचसीआय, एक्सएचसीआय असे रजिस्टरांचे ठरलेले साचे आहेत, त्यामुळे एक एचसीडी अनेक कंपन्यांच्या चिपवर चालतो. मायक्रोकंट्रोलरमध्ये बऱ्याचदा ज्याची त्याची तऱ्हा वेगळी. एसपीआयवर लटकणारी मॅक्स३४२१ई घेतली तर एचसीडी पुरता बदलतो, पण बीओटीची एक ओळही बदलायला नको. टायनीयूएसबी उघडून बघ, त्यात हे थर स्वच्छ वेगळे दिसतात.

पूर्वभाग
म्हणजे आमच्या कारखान्यासारखंच की. शेठ मुकादमाला सांगतो, मुकादम जॉबरला, जॉबर मागाला हात लावतो. शेठनं थेट मागात हात घातला की घोटाळा.

थरावरथर
अगदी. आणि होटगीरोडच्या बोर्डात जॉबर निघून गेलाय, मुकादम दारात त्याची वाट बघत उभा आहे आणि शेठ मुकादमाची. बोर्ड गप्प होतो तो असा.

होटगीरोड, तुमच्या डिस्क_रीडमध्ये एक व्हाइल लूप असेल, जो ट्रान्सफर पूर्ण होण्याची वाट बघतो. पेनड्राइव्ह उपसला की एचसीडीला डिस्कनेक्टचा इंटरप्ट येतो, कोर एक झेंडा लावतो. पण लूप ज्या "झालं"ची वाट बघतोय ते कधीच येणार नाही, आणि झेंडा बघणारं मुख्य फंक्शन त्या लूपमुळेच चालत नाही.

नियम असा हवा की वरून आलेली प्रत्येक मागणी खालच्या थरानं कधी ना कधी परत केलीच पाहिजे. यशानं, चुकीनं किंवा "डिव्हाइस गेलं" म्हणून, पण परत. लिनक्समध्ये डिव्हाइस निघालं की अडकलेल्या यूआरबी चुकीचा कोड घेऊन परत येतात आणि ड्रायव्हरचं डिस्कनेक्ट फंक्शन बोलावलं जातं. तुमच्याकडे डिस्कनेक्ट दिसताच कोरनं त्या डिव्हाइसचे सगळे चॅनेल थांबवावे, बाकी मागण्या चुकीनं परत कराव्या, मग क्लासला "आवर" म्हणावं, आणि क्लासनं आवरल्यावरच पत्ता नि मेमरी मोकळी करावी. उलट क्रमानं केलंत तर मोकळ्या केलेल्या मेमरीत कुणीतरी लिहून जाईल.

नवीपेठ
टाइमआउट लावला की संपलं की. एचसीडीत ५ सेकंद, विषय खल्लास.

थरावरथर
टाइमआउट हवाच, पण एचसीडीत नको असं माझं मत. पेनड्राइव्ह फ्लॅशमधून डेटा काढताना नॅक देत राहतो, म्हणजे "अजून नाही, परत विचार". बल्कमध्ये किती नॅक चालतील याला मर्यादा नाही आणि नॅक ही चूकही नाही. रीडला किती थांबायचं, मोठ्या राइटला किती, हे आदेश माहीत असलेल्या थरालाच कळतं. एचसीडीला फक्त "ही मागणी रद्द कर" एवढं जमलं पाहिजे. उत्तरच आलं नाही किंवा सीआरसी बिघडला, तिथे मात्र तीनदा प्रयत्न करून वर कळवणं एचसीडीचं काम.

नवीपेठ
मी तरी खालीही एक वरची मर्यादा ठेवणार. क्लास ड्रायव्हर लिहिणाऱ्यावर माझा भरवसा नाही.

थरावरथर
ठेवा. भांडण नाही. फक्त ती चुकून आधी संपू देऊ नका, नाहीतर बीओटीला अर्धवट आदेशाचा उतारा करावा लागतो.

होटगीरोड
नॅकवरून आठवलं. पेनड्राइव्ह वाचताना पिकचा सिंक इंटरप्ट उशिरा येतोय असं स्कोपवर दिसतं. संबंध असेल का?

थरावरथर
दाट शक्यता. तुमच्या चिपच्या एफएस कोरमध्ये डीएमए (सीपीयूशिवाय डेटा हलवायची सोय) नाही. बल्क इनवर नॅक आला की इंटरप्ट, इंटरप्टमध्येच चॅनेल परत चालू, लगेच परत नॅक. पेनड्राइव्ह विचारात असेपर्यंत सीपीयू याच फुगडीत. पहिलं म्हणजे हुकांच्या इंटरप्टला यूएसबीपेक्षा वरचं प्राधान्य द्या. दुसरं, नॅकवर लगेच चालू न करता पुढच्या १ मिलिसेकंदाच्या फ्रेमला परत विचारा. वेग थोडा जाईल. तुम्हाला तेवढा वेग लागतो का, हा खरा प्रश्न.

हिशोब करा. २६८८ हुक म्हणजे पिकाला ३३६ बाइट. ४००० पिकांचं डिझाइन धरलं तर १३ लाख ४४ हजार बाइट. फुल स्पीडला एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त १९ बल्क पॅकेटं, म्हणजे १२१६ बाइट. प्रत्यक्षात याच्या निम्मा वेग मिळाला तरी सगळं डिझाइन दोन-अडीच सेकंदांत आत. मग माग चालू असताना पेनड्राइव्ह वाचताच कशाला? बोर्डावर एसपीआय फ्लॅश टाका, डिझाइन आधी पूर्ण उतरवा, तपासा, मग मागाला हिरवा दिवा.

पूर्वभाग
हे बरं सांगितलंत. मग गाणी भरू देत खुशाल.

होटगीरोड
दोन दिवस गायब होतो. कळवायचं राहिलं ते असं: सॉकेटपाशी १५० मायक्रोफॅरड आणि पॉवर स्विच टाकला, वायर आखूड आणि जाड केली. जुना पेनड्राइव्ह आता दर वेळी ओळखला जातो, पण थंड बोर्डावर पहिल्या माउंटला अजून नकार द्यायचा. रिक्वेस्ट सेन्सला २ येत होता. थांबून परत विचारायचं जोडलं, आता लागतो. एक्सफॅट चालू केल्यावर ६४ जीबीचाही माउंट झाला. डिस्कनेक्टला मागण्या परत करायचं लिहिलंय. उपसला की एफ_रीड १ देतं आणि स्क्रीनवर "पेनड्राइव्ह काढला" येतं. एसपीआय फ्लॅश पुढच्या बोर्डात.

अंतिमवर्ष
दादा, त्याच बोर्डाला बारकोड स्कॅनर लावता येईल का? टॉवेलचा लॉट स्कॅन केला की डिझाइन आपोआप निवडलं जाईल.

थरावरथर
बहुतेक स्कॅनर कीबोर्ड असल्याचं भासवतात. वर्ग ०३, बूट प्रोटोकॉलमध्ये ८ बाइटचा रिपोर्ट: पहिला शिफ्ट-कंट्रोलसारख्या कळांचा, दुसरा रिकामा, पुढचे सहा दाबलेल्या कळांचे. इंटरप्ट एंडपॉइंट म्हणतात खरं, पण तिथेही डिव्हाइस हाक मारत नाही. होस्टच ठरलेल्या अंतरानं विचारतो. एचसीडी आणि कोर आहे तसे राहतील, फक्त एचआयडीचा क्लास शेजारी बसवायचा.

होटगीरोड
पण सॉकेट एकच आहे. हब लावू?

थरावरथर
हब स्वतःच एक डिव्हाइस असतो, वर्ग ०९. त्याचा ड्रायव्हर पोर्टवर काय लागलं ते कोरला कळवतो आणि कोर परत एन्युमरेशन करतो. तुमच्या लायब्ररीत हबचा क्लास आहे का ते आधी बघा. नसेल तर लिहिण्याआधी दोनदा विचार करा. एफ४०७ मध्ये दुसराही कंट्रोलर आहे, ओटीजी एचएस. बाहेरचा फाय (तारेशी बोलणारी वेगळी चिप) न लावता तो फुल स्पीडला पीबी१४ आणि पीबी१५ वर चालतो, १२ चॅनेलसह. स्कॅनर तिथे लावा. अट एकच: कोर आणि एचसीडीमध्ये ग्लोबल व्हेरिएबल नकोत. दोन होस्ट, दोन वेगळी स्ट्रक्चर.

होटगीरोड
पीबी१४-१५ वर आत्ता हुकांचा एसपीआय२ आहे.

कॅपॅसिटर_अण्णा
तो पीसी२, पीसी३ वर हलतो, क्लॉक पीबी१० वर. फ्लॅशसाठी बोर्ड परत काढणारच आहेस, तेव्हाच कर. आणि दुसऱ्या सॉकेटलाही वेगळा पॉवर स्विच टाक, एकाच्या शॉर्टनं दोन्ही बसायला नकोत.

होटगीरोड
चालेल अण्णा. सर्किट काढलं की इथेच टाकतो.